तारामाशांवरचा झीज रोग आणि किनाऱ्यावरची नोंद : डहाणूच्या सहलीआधी चर्चा

अवनी_गंगापूररोड (धागाकर्ती)

नमस्कार.

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाची अभ्यास-सहल दर हिवाळ्यात नाशिकहून जव्हारमार्गे डहाणू-बोर्डीच्या किनाऱ्यावर जाते. अशा सहलींतून बरण्या भरून नमुने आणण्याची पद्धत पूर्वी सर्वत्रच होती. यंदापासून नमुने न आणता किनाऱ्याचा एक पट्टा ठरवावा, तेथील तारामाशांची संख्या, आकार आणि प्रकृती यांची नोंद करावी आणि ती पुढे दरवर्षी त्याच पट्ट्यात चालू ठेवावी, असा माझा प्रस्ताव आहे. पद्धत पक्की करण्यापूर्वी येथील अनुभवी सभासदांची मते हवी आहेत, म्हणून हा धागा काढला आहे.

प्रकृतीची नोंद कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावर आहे. २०१३ च्या जून महिन्यात वॉशिंग्टन राज्याच्या ऑलिंपिक किनाऱ्यावर नेहमीच्या पाहणीत काही तारामासे आजारी आढळले. अंगावर पांढरे चट्टे पडतात, शरीरातला ताठपणा जाऊन प्राणी पिचक्या फुग्यासारखा सैल होतो, हात पिळवटतात, मग एकेक हात धडापासून सुटून काही वेळ स्वतंत्रपणे सरपटत राहतो आणि थोड्याच दिवसांत सगळ्या शरीराचा चिखल होतो, असे या रोगाचे स्वरूप आहे. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत तो पसरला आणि वीसहून अधिक जातींमध्ये दिसला. सर्वांत मोठा फटका बसला तो सूर्यफूल तारामाशाला, म्हणजे पायक्नोपोडिया हेलियनथॉयडीस या जातीला. सोळा ते चोवीस हातांचा, एक मीटरपर्यंत रुंद होणारा हा शिकारी प्राणी कित्येक ठिकाणांहून नाहीसाच झाला. मेलेल्यांचा अंदाज पाच अब्ज पंच्याहत्तर कोटींचा आहे, आणि २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने या जातीची नोंद अतिसंकटग्रस्त अशी केली.

त्यानंतर जे घडले ते अधिक गंभीर आहे. हा तारामासा जांभळे अर्चिन, म्हणजे अंगभर काटे असलेले गोल सागरी प्राणी खातो आणि अर्चिन केल्प नावाचे उंच सागरी शैवाल खातात. तारामासे गेले, त्याच सुमारास २०१४ ते २०१६ या काळात तेथील समुद्र असाधारण तापला, अर्चिन बेसुमार वाढले आणि उत्तर कॅलिफोर्नियाच्या सुमारे ३५० किलोमीटर किनाऱ्यावरील केल्पचे नव्वद टक्क्यांहून अधिक आच्छादन नष्ट झाले. त्याच केल्पवर जगणाऱ्या लाल अबलोनी या शंखवर्गीय प्राण्याची उपासमार झाली आणि हौशी लोकांना मिळणारी त्याची पकड २०१८ पासून बंद करावी लागली.

माझा मुद्दा यापुढचा आहे. ‘नव्वद टक्के’ हा आकडा काढायचा, तर शंभर किती होते हे आधी माहीत असावे लागते. ते माहीत होते, कारण कोणताही रोग नसताना, काहीही विशेष घडत नसताना, माणसे वर्षानुवर्षे त्याच खडकांवर जाऊन मोजत राहिली होती. सूर्यफूल तारामाशावरील एका मोठ्या अभ्यासात ३१ निरनिराळ्या माहितीसंचांतील ६१ हजारांहून अधिक सर्वेक्षणे एकत्र केली आहेत आणि त्यांतील जुन्या नोंदी १९६७ पर्यंत मागे जातात. साथ आल्यावर धावत गेलेल्यांना मेलेले प्राणी दिसतात, परंतु किती उरले आणि किती गेले हे निरोगी काळातली वही असल्याशिवाय सांगता येत नाही. आपल्या कोकण किनाऱ्यावर अशी वही एखाद्या पट्ट्यापुरती तरी नाशिकच्या विद्यार्थ्यांनी सुरू करावी, अशी माझी मनापासूनची इच्छा आहे.

सह्यकडा

अवनीताई, प्रस्ताव फार चांगला आहे. नांदूर मधमेश्वरच्या पक्षिगणनेत आम्ही अनेक वर्षे भाग घेतो. तेथील अनुभवावरून एक सूचना करतो. जे दिसले नाही त्याचीही नोंद झाली पाहिजे. ‘आज या पाणथळीवर अमुक जातीचा एकही पक्षी नाही’ हे वाक्य नवख्या माणसाला लिहिण्यासारखे वाटत नाही, म्हणून ते राहून जाते. पुढे वही चाळणाऱ्याला त्या दिवशी पक्षी नव्हता की कोणी पाहिलेच नव्हते, हे कळत नाही. तारामाशांच्या बाबतीत तिकडे हे कसे सांभाळतात, आणि तोच पट्टा पुन्हा नेमका कसा शोधतात, हे सविस्तर लिहाल का?

अवनी_गंगापूररोड

अवश्य. अलास्कापासून मेक्सिकोपर्यंत दोनशेहून अधिक ठिकाणी काम करणारे ‘मरीन’ नावाचे एक जाळे आहे. त्यात विद्यापीठे, सरकारी खाती आणि स्थानिक संस्था एकत्र आहेत. भरती-ओहोटीच्या मधल्या खडकाळ पट्ट्यात त्यांनी कायमचे चौकोन आखलेले आहेत. त्यांच्या कोपऱ्यांवर खडकात बोल्ट बसवलेले असतात, त्यामुळे दहा वर्षांनी वेगळा माणूस गेला तरी दोरी त्याच बोल्टांमधून ताणली जाते. चौकोनातली प्रत्येक कपार, प्रत्येक लोंबत्या खडकाची खालची बाजू पाहिली जाते. किती वेळ शोधले, किती जणांनी शोधले हेही लिहिले जाते, कारण दोघांनी तासभर शोधून सापडलेले पाच आणि सहा जणांनी तेवढ्याच वेळात शोधून सापडलेले पाच यांचा अर्थ एक नसतो. शून्य हा आकडा स्पष्टपणे शून्य म्हणूनच भरतात, रकाना रिकामा सोडत नाहीत.

आपण म्हणता ती अडचण तिथेही आहे, आणि ती हौशी लोकांच्या नोंदींत अधिक असते. किनाऱ्यावर फिरायला गेलेला माणूस आजारी तारामासा दिसला की फोटो पाठवतो, निरोगी दिसला तर पाठवत नाही. त्यामुळे नकाशावर केवळ आजाराचे ठिपके दिसू लागतात. असे ठिपके ‘कुठे पोचला’ हे सांगण्यास उपयोगी पडतात. ‘किती टक्के’ हे त्यांच्यावरून काढता येत नाही. याउलट स्वयंसेवक पाणबुडे जेव्हा ठरलेल्या पद्धतीने प्रत्येक बुडीतील सगळ्या जातींची यादी भरतात, तेव्हा तीच हौशी नोंद शास्त्राच्या दर्जाची होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा पाणबुड्यांच्या याद्या आणि खोल पाण्यातील जाळ्यांची माहिती जोडून सूर्यफूल तारामाशाची संख्या सुमारे ३,००० किलोमीटरच्या पट्ट्यात ८० ते १०० टक्क्यांनी घटल्याचे दाखवले गेले. ही जात ४०० मीटरहून खोलही राहते. साथ आल्यावर ती खोल पाण्यात तरी सुरक्षित असेल अशी आशा होती. नुसत्या किनाऱ्यावरच्या मोजणीतून ती आशा खोटी आहे हे कळले नसते.

आकाराची नोंद का घ्यायची, हेही येथेच लिहिते. मध्यापासून हाताच्या टोकापर्यंतचे अंतर मिलिमीटरमध्ये मोजतात. ओरेगॉनच्या किनाऱ्यावर २०१४ मध्ये गेरू तारामासा, म्हणजे पायसॅस्टर ऑक्रेशियस, मोठ्या प्रमाणावर मेला आणि त्यानंतर लगेच त्याच्या इवल्या पिल्लांची अभूतपूर्व संख्या खडकांवर दिसू लागली. केवळ डोकी मोजणाऱ्याने ‘संख्या पूर्ववत झाली’ असे लिहिले असते. परंतु नखाएवढ्या पिल्लांना मोठ्या शिणाण्यांसारखे शिंपले उघडून खाता येत नाहीत, म्हणजे त्या खडकावरचे त्यांचे काम कोणी करत नव्हते. ज्या प्राण्याच्या कामामुळे सगळा समाज उभा असतो त्याची कल्पनाच रॉबर्ट पेन यांनी १९६० च्या दशकात याच जातीवरून मांडली होती. वॉशिंग्टनमधल्या एका खडकावरून त्यांनी हे तारामासे सतत काढून टाकले, तेव्हा मसल नावाच्या शिंपल्यांनी जागा व्यापत नेली आणि तेथील जातींची संख्या पंधरावरून आठवर आली.

निफाडकर

ताई, मी द्राक्ष बागायतदार आहे. समुद्राशी माझा संबंध मुलांना घेऊन वर्षातून एकदा जाण्यापुरता आहे, परंतु आपण जे लिहिले ते मला अगदी ओळखीचे वाटले. ऑक्टोबर छाटणीनंतर केवडा, म्हणजे डाऊनी, येण्याच्या काळात आम्ही बागेच्या ठरावीक ओळींतील ठरावीक वेली खुणा करून ठेवतो आणि पाने उलटून पाहतो. पहिला तेलकट डाग कोणत्या तारखेला, कोणत्या ओळीत दिसला आणि त्याआधी किती दिवस पान स्वच्छ होते, हे ज्याच्या वहीत असते त्यालाच फवारणी वेळेवर झाली की उशिरा हे ठरवता येते. ज्याने डाग दिसल्यावर वही उघडली, त्याच्याजवळ नुसती तक्रार असते.

माझा प्रश्न असा आहे की या रोगाचे मूळ काय? बुरशी, जिवाणू की विषाणू? आमच्याकडे ढगाळ हवा आणि दमटपणा आला की रोग वाढतो, तसा तिकडे हवामानाचा संबंध आहे का?

सूक्ष्मदर्शी

या प्रश्नाचे उत्तर मिळायला बारा वर्षे लागली आणि त्या बारा वर्षांची हकिकत सांगण्यासारखी आहे. मी सूक्ष्मजीवशास्त्राचा माणूस असून नाशिकच्याच एका प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

२०१४ मध्ये एका मोठ्या गटाने डेन्सोव्हायरस वर्गातील एका विषाणूकडे बोट दाखवले. आजारी प्राण्यांचे ऊतक वाटून, अतिसूक्ष्म गाळणीतून गाळून ते निरोगी सूर्यफूल तारामाशांना टोचले असता ते आजारी पडले, आणि आजारी प्राण्यांत त्या विषाणूचे प्रमाण अधिक होते. पुरावा प्रथमदर्शनी भक्कम होता. परंतु संग्रहालयातील १९४२ सालच्या जतन केलेल्या तारामाशांतही तोच विषाणू सापडला. इतकी वर्षे सोबत असलेला विषाणू एकाएकी असा संहार का करील, हा प्रश्न तेव्हापासूनच होता. पुढे तो निरोगी प्राण्यांतही आढळत गेला, इतर जातींवरचे प्रयोग जुळेनात, आणि ज्या संशोधकांनी तो मांडला त्यांनीच पुढील अभ्यासांत त्याचा दावा मागे घेतला. मला हे शास्त्राचे मोठे बळ वाटते. मधल्या काळात आणखी एक कल्पना पुढे आली होती. तारामाशाच्या त्वचेलगतच्या पाण्यात सेंद्रिय द्रव्य वाढले की जिवाणू तेथील प्राणवायू संपवतात आणि प्राणी गुदमरतो, असे त्यात सुचवले होते.

ऑगस्ट २०२५ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातील हाकाई इन्स्टिट्यूट, तेथील विद्यापीठ आणि वॉशिंग्टनमधील संशोधक यांनी चार वर्षांच्या कामानंतर व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा या जिवाणूचा एक विशिष्ट वाण कारणीभूत असल्याचे दाखवले. त्यांनी ऊतकाऐवजी शरीराच्या पोकळीतील द्रव तपासला. आजारी प्राण्यांच्या द्रवात हा जिवाणू भरपूर होता आणि निरोगी प्राण्यांत जवळजवळ नव्हता. आजारी प्राण्याचा द्रव निरोगी प्राण्यात टोचला तर रोग होतो. तोच द्रव तापवून किंवा जिवाणू अडतील अशा गाळणीतून गाळून टोचला तर होत नाही. शेवटी जिवाणू वेगळा काढून, शुद्ध वाढवून टोचला तेव्हा तोच रोग झाला आणि मेलेल्या प्राण्यातून तोच जिवाणू पुन्हा मिळाला. रॉबर्ट कॉख यांनी एकोणिसाव्या शतकात क्षयाच्या जंतूच्या निमित्ताने घालून दिलेल्या कसोट्या त्या याच.

निफाडकर साहेब, हवामानाविषयी आपला अंदाज योग्य दिशेने आहे. पटकीचा जंतू ज्या कुळातला आहे त्याच व्हिब्रिओ कुळातला हा जिवाणू आहे, आणि या कुळातील अनेक जिवाणू कोमट पाण्यात वेगाने वाढतात. पेक्टेनिसिडा ही जात यापूर्वी फ्रान्समध्ये स्कॅलप नावाच्या शिंपल्यांच्या अळ्यांतील रोगामुळे ओळखली गेली होती. मात्र तापमान हे एकमेव कारण समजू नये. २०१३ मध्ये रोगाची पहिली लाट आली, तेव्हा ती मोठी समुद्री उष्णतेची लाट अद्याप पूर्ण पसरलेली नव्हती.

तृतीय_वर्ष

मॅडम, मी आपल्याच विभागातील विद्यार्थिनी आहे. आता जिवाणू सापडलेला आहे आणि पाण्याच्या नमुन्यातून त्याचा डीएनए शोधता येतो, तर खडकांवर जाऊन प्राणी मोजत बसण्याची गरज पुढे राहील का?

अवनी_गंगापूररोड

प्रश्न योग्य आहे. पाण्यातील चाचणी जिवाणू आहे की नाही हे सांगेल. त्या ठिकाणी किती प्राणी आहेत, त्यांतील किती प्रजननक्षम आकाराचे आहेत, रोग येऊनही कोण टिकले, हे ती सांगणार नाही, आणि पुढील सगळे प्रश्न या टिकलेल्यांभोवतीच आहेत. ब्रिटिश कोलंबियाच्या मध्य किनाऱ्यावर जमिनीत खोल शिरलेल्या खाड्या आहेत. तेथे मोठे सूर्यफूल तारामासे अद्याप आढळतात आणि उन्हाळ्यात तुलनेने थंड पाण्यात राहिलेल्यांचे प्रमाण टिकून आहे, असे २०२५ मधील एका अभ्यासात दिसले. ही माहिती खाडीत उतरून वर्षानुवर्षे मोजल्यामुळेच मिळाली. दुसरीकडे, वॉशिंग्टनमधील फ्रायडे हार्बर येथील प्रयोगशाळेत २०१९ पासून हे प्राणी बंदिस्त जागेत वाढवण्याचे काम चालू आहे. वाढवलेले प्राणी उद्या समुद्रात सोडायचे झाले, तर कोठे सोडावेत आणि सोडल्यावर ते जगले की नाही, हे पुन्हा मोजणीनेच कळणार आहे.

आणखी एक गोष्ट तुझ्या प्रकल्पासाठी ध्यानात ठेव. १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या आखातात हेलिअॅस्टर नावाचा तेथील अत्यंत सामान्य तारामासा अल्पावधीत जवळजवळ नाहीसा झाला. सामान्य प्राण्यांची नोंद ठेवावी असे कोणाला वाटत नाही, म्हणून तू अभ्यासासाठी दुर्मीळ जात शोधू नकोस. किनाऱ्यावर जी जात सर्वांत जास्त दिसते, तिलाच आपण मोजणार आहोत.

देवबाग

मी मूळचा मालवणकडचा, नोकरीमुळे अंबडला स्थायिक झालो. मॅडम, आपला हेतू पटला. परंतु तिकडची पद्धत आपल्या किनाऱ्यावर जशीच्या तशी चालणार नाही, म्हणून काही अडचणी मांडतो.

पहिली अडचण वाळूची. आपल्याकडे किनाऱ्यावर नेहमी दिसणारा तारामासा म्हणजे अॅस्ट्रोपेक्टेन. तो खडकाला चिकटून बसत नाही, वाळूत पुरून घेतो. ओहोटीच्या वेळी वर काहीही दिसत नाही, आणि नीट पाहिले तर ओल्या वाळूत पाच हातांचा उमटलेला आकार दिसतो. सकाळी शून्य आणि संध्याकाळी वीस, असे एकाच जागी घडू शकते. मग बोल्ट ठोकलेल्या चौकोनाचा उपयोग काय?

दुसरी अडचण मेलेल्या प्राण्यांची. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली की जाळ्यातून नको असलेला माल किनाऱ्यावरच टाकला जातो. त्यात तारामासे असतात आणि ते उन्हात वाळतात, हात तुटतात. नाशिकहून आलेल्या मुलांना ते पाहून रोग वाटेल. पावसाळ्यात तर खाडीच्या तोंडाशी गोड्या पाण्याचा लोंढा आला की कित्येक समुद्री जीव मरून लागतात.

तिसरी गोष्ट वेळेची. आमच्याकडे जुनी माणसे तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्यानंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण असते, पाणी सर्वांत लांब जाते, परंतु त्या दिवशी ओहोटी पहाटे पाचच्या पुढे लागते आणि थंडीत तेव्हा अंधार असतो. म्हणून द्वितीया-तृतीया पकडावी. पाणी तेव्हाही लांब गेलेले असते आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराची भरती-ओहोटी असते, त्या दिवसांत जाण्यात अर्थ नाही.

अवनी_गंगापूररोड

देवबागकाका, आपल्या प्रतिसादासाठी मनःपूर्वक आभार. तीनही मुद्द्यांमुळे आराखडा बदलावा लागेल, आणि तो बदललाच पाहिजे.

वाळूच्या पट्ट्यासाठी चौकोनाऐवजी पाण्याच्या कडेला समांतर ठरावीक लांबीची आणि रुंदीची पट्टी घेणे बरे. तिची दोन्ही टोके जीपीएसने आणि किनाऱ्यावरील एखाद्या पक्क्या खुणेने निश्चित करू. मोजणी नेहमी ओहोटीच्या त्याच टप्प्यावर करू, म्हणजे पाणी पूर्ण उतरण्याच्या आधी अर्धा तास सुरू करून नंतर अर्ध्या तासात संपवू. पुरलेल्या प्राण्यांचे वाळूतील ठसे स्वतंत्र रकान्यात येतील. ते उकरून काढायचे नाहीत. अशा मोजणीतून एकूण संख्या मिळणार नाही हे मला मान्य आहे. एकाच पद्धतीने, एकाच टप्प्यावर दिसलेल्यांचे प्रमाण दरवर्षी कसे बदलते, एवढे मिळेल आणि तुलनेसाठी तेवढे पुरेसे आहे.

मेलेल्यांविषयी आपण म्हणता ते फार महत्त्वाचे आहे. तारामासे ज्या वर्गात येतात त्या कंटकचर्मी प्राण्यांना शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखता येत नाही. त्यामुळे खारेपणा एकदम उतरला की ते मरतात आणि त्यात कोणत्याही जंतूचा हात नसतो. म्हणून पाण्याचा खारेपणा आणि तापमान मोजल्याशिवाय ‘आजारी’ हा शेरा कोणी लिहायचा नाही. भरतीरेषेवर वाळलेले प्राणी मोजणीत धरायचे नाहीत, त्यांची केवळ वेगळी टीप ठेवायची. पट्टीच्या आत, ओल्या वाळूत किंवा पाण्यात, जिवंत असलेल्या प्राण्याचीच प्रकृती लिहायची.

विद्यार्थ्यांची फसगत आणखी कशाने होऊ शकते तेही सांगते. बराच वेळ उघडा पडलेला निरोगी तारामासाही थोडा सैल दिसतो, पाण्यात ठेवल्यावर तो सावरतो. खाताना कित्येक जाती जठर तोंडावाटे बाहेर काढतात, तो पांढरट गोळा जखमेसारखा भासतो. तुटलेल्या हाताच्या जागी आखूड नवा हात फुटलेला असेल तर तो जुन्या इजेचा पुरावा आहे, चालू रोगाचा नाही. प्रशांत किनाऱ्यावरील पथकेही बारीक श्रेणी न करता निरोगी, सौम्य आणि तीव्र एवढेच भेद वापरतात, कारण दोन निरीक्षकांचे एकमत होणे हे बारकाव्यापेक्षा अधिक मोलाचे असते. आपणही तेवढेच ठेवू. पहिल्या दिवशी दोन गटांनी एकमेकांना न सांगता तेच प्राणी तपासावेत आणि शेरे जुळतात का ते पाहावे.

सह्यकडा

एका गोष्टीबाबत मात्र मी असहमत आहे. वर्षातून एकदा केलेली मोजणी अपुरी पडेल. जो रोग एखाद्या प्राण्याला आठवड्या-दोन आठवड्यांत संपवतो, तो आपल्या दोन सहलींच्या मध्ये येऊन गेला तर आपल्याला केवळ घटलेली संख्या दिसेल आणि कारण कधीच कळणार नाही. हिवाळ्यात तिघा-चौघांनी आलटून पालटून आणखी काही फेऱ्या कराव्यात. आमच्या पक्षिमित्रांपैकी काही जण त्यासाठी तयार होतील. मुंबईत २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा उपक्रम किनाऱ्यावरील जीवांच्या छायाचित्रासह नोंदी करत आहे. आपल्या नोंदी त्यांच्यासारख्याच खुल्या संकेतस्थळावर, तारीख-स्थळासह चढवल्या तर दोन किनाऱ्यांची तुलना शक्य होईल.

अवनी_गंगापूररोड

मान्य आहे. सहलीची मोजणी ही मुख्य राहील. ऑक्टोबर ते मे या काळात जितक्या तृतीया साधतील तितक्या फेऱ्या लहान गटाने कराव्यात. पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रावर आणि शेवाळलेल्या खडकांवर विद्यार्थी पाठवणे मला योग्य वाटत नाही. त्या महिन्यांपुढे ‘मोजणी केली नाही’ असे स्पष्ट लिहू, म्हणजे पुढे कोणी त्याला शून्य समजणार नाही.

निफाडकर

गाडीची व्यवस्था हवी असेल तर छाटणीचे दिवस वगळून माझी जीप उपलब्ध आहे. दोन फेऱ्यांची जबाबदारी माझ्यावर धरावी.

सूक्ष्मदर्शी

स्वच्छतेविषयी दोन गोष्टी नियमात घ्याव्यात. एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर जाताना बूट, दोऱ्या आणि मोजपट्ट्या गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवाव्यात. ओल्या चिखलातून जिवाणू सहज प्रवास करतात. प्राण्यांना हात लावावा लागलाच, तर आधी निरोगी दिसणारे आणि शेवटी संशयास्पद, हा क्रम ठेवावा. संशयास्पद प्राणी आढळल्यास तो उचलून नाशिकला आणू नये. पाठ, पोट आणि चट्टा अशी तीन छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावीत आणि ती सागरी जीवशास्त्राच्या तज्ज्ञांकडे पाठवावीत.

देवबाग

डहाणूचा किनारा सपाट आहे आणि उत्तरेकडे जावे तशी भरती-ओहोटीतील उंचीची तफावत वाढत जाते. उधाणाच्या दिवशी पाणी खूप लांब जाते आणि परत फिरले की पाठीमागच्या सखल भागात आधी भरते, त्यामुळे पुढे गेलेला माणूस अडकतो. प्रत्येक गटात एकाने केवळ पाण्याकडे लक्ष ठेवावे, त्याला मोजणीचे काम देऊ नये. माझा पाऊणपटीचा हिशेब ढोबळ आहे. ठिकाणानुसार वेळ पुढेमागे होते, म्हणून निघण्यापूर्वी छापील भरतीचा तक्ता पाहावाच, आणि गावातील कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये.

तृतीय_वर्ष

मॅडम, तक्त्यात नेमके कोणते रकाने ठेवायचे? आम्ही छपाईसाठी तयार करून ठेवतो.

अवनी_गंगापूररोड

तारीख आणि तिथी, पट्टीचा क्रमांक, सुरुवातीची व शेवटची वेळ, शोधणाऱ्यांची संख्या, पाण्याचे तापमान, खारेपणा, आकाश आणि वारा हे पानाच्या वरच्या भागात असू दे. खाली प्रत्येक जिवंत प्राण्यासाठी एक ओळ : जात, हातांची संख्या, मध्यापासून सर्वांत लांब हाताच्या टोकापर्यंतची लांबी, प्रकृती, छायाचित्राचा क्रमांक. वाळूतील ठशांसाठी आणि भरतीरेषेवरील मृत प्राण्यांसाठी दोन स्वतंत्र चौकटी ठेवा. जात ओळखता आली नाही तर अंदाजाने नाव न लिहिता ‘अनोळखी’ लिहावे आणि छायाचित्र घ्यावे. पानाच्या तळाशी ‘एकही आढळला नाही’ असे छापून शेजारी खूण करण्याची जागा ठेवा. सही दोघांची घ्या. पेन्सिलनेच लिहायचे, कारण शाई खाऱ्या पाण्याने पसरते. पाने भरून आली की त्याच संध्याकाळी त्यांची छायाचित्रे काढून विभागाच्या संगणकावर आणि सह्यकडा यांच्याकडे, अशा दोन ठिकाणी ठेवू. तक्त्याचा कच्चा आराखडा येत्या रविवारपर्यंत याच धाग्यावर टाक, म्हणजे देवबागकाकांना आणि इतरांना दुरुस्त्या सुचवता येतील.